जुन्या आउटबोर्डचा हात न पोचणारा थर्मोस्टॅट कसा बदलायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थर्मोस्टॅट तळहातावर मावणारा पार्ट, त्यात ना वायर ना सर्किट, आणि हात नीट पोचत असेल तर बदलायला अर्धा तास पुरे. पण जुन्या आउटबोर्डवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनावर, तो कुठल्यातरी सांदीत बसवलेला असतो आणि कव्हरचे बोल्ट इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेले असतात की खरं काम थर्मोस्टॅटचं नसतंच, बोल्टचं असतं. म्हणून खाली बोल्टवर जरा जास्तच लिहिलंय. घाई असेल तर बाकीचं वरवर वाचा पण बोल्ट हलत नाही आणि बोल्ट तुटला हे दोन प्रश्न सोडू नका.

प्र. बाहेरचं गार पाणीच इंजिनात फिरतं, मग थर्मोस्टॅट हवाच कशाला?

गार पाणी फिरतं म्हणूनच हवा. खाली गिअरकेसच्या वर रबरी इम्पेलर असतो, तो ड्राइव्हशाफ्टबरोबर फिरतो आणि समुद्राचं किंवा तलावाचं पाणी नळीतून वर पॉवरहेडमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या वरच्या भागात, ढकलतो. गाडीच्या रेडिएटरसारखं तेच ते पाणी फिरत नाही, सतत नवं गार पाणी येत राहतं. ते मोकळं सोडलं तर आयडलला इंजिन कधी तापणारच नाही, पेट्रोल नीट जळणार नाही, टू-स्ट्रोक असेल तर प्लग काळे आणि ओले होतील, कार्बन धरेल. फोर-स्ट्रोक असेल तर न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, मग डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं आणि मालक खूश होतो की बघा माझं इंजिन ऑइल खातच नाही. डिपस्टिकचा वास घेऊन बघा, पेट्रोलचा येईल.

थर्मोस्टॅट हे पाणी इंजिन ठराविक तापमानाला येईपर्यंत अडवून धरतो. आत मेणाची गोळी असते, मेण तापलं की फुगतं, दांडी ढकलतं, व्हॉल्व्ह उघडतो, आणि गार झालं की स्प्रिंग तो परत बंद करते. गाडीचा थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो, आउटबोर्डचा त्याच्या बराच आधी, मॉडेलप्रमाणे साधारण ५० ते ६२ अंशांना. कारण खारं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार सुटून आतल्या भिंतींना चिकटायला लागतात. त्यामुळे साइझ जुळतोय म्हणून गाडीचा थर्मोस्टॅट बसवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

प्र. थर्मोस्टॅटच गेलाय हे ओळखायचं कसं?

इंजिन कधी गरम होतं ते आधी बघा, तिथेच अर्धं उत्तर मिळतं. आयडलला आणि हळू चालवताना गरम होतंय, इंजिन तापल्याचा इशारा देणारा हॉर्न वाजतोय, पण जरा पळवलं की आपोआप खाली येतंय, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय असा संशय घ्यायचा. कारण बऱ्याच आउटबोर्डमध्ये थर्मोस्टॅटच्या शेजारीच एक प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो, त्याला पॉपेट व्हॉल्व्ह म्हणतात. आरपीएम वाढले की पंपाच्या प्रेशरनं तो उघडतो आणि थर्मोस्टॅट बंद असला तरी पाण्याला दुसरी वाट मिळते.

उलट आयडलला ठीक आणि फुल थ्रॉटलला गरम, तर बहुतेक वेळा पाणीच कमी येतंय, म्हणजे खालची जाळी तुंबलीय किंवा इम्पेलर झिजलाय, थर्मोस्टॅट बदलून फार काही होणार नाही. आणि इंजिन कधी तापतच नसेल, आयडल खडखडत असेल, प्लग सारखे खराब होत असतील तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा त्याच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या जागी, वाळूचा खडा, शिंपल्याचा तुकडा बसलाय.

व्ही-४ किंवा व्ही-६ असेल तर काम सोपं होतं. बऱ्याच मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंना वेगळा थर्मोस्टॅट असतो, दोन्ही हेडचं तापमान मोजा, एक बाजू ठीक आणि दुसरी २०-२५ अंशांनी जास्त असेल तर पंप निर्दोष आहे, दोन्ही बाजूंना पाणी तोच पंप देतो ना.

एक अडचण आहे. झिजलेला इम्पेलरसुद्धा आयडलला गरम करतो, कारण कमी आरपीएमला त्याची पाती पाणी नीट ढकलू शकत नाहीत. इम्पेलर शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर आधी तो बदला, तसंही तो बदलायचाच असतो.

प्र. मागून पाण्याची धार तर जोरात येतेय, मग गरम कसं काय होईल?

होतं. ती धार म्हणजे फक्त पंप चालू असल्याची पावती. बऱ्याच इंजिनांत धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या आधीच फाटा फोडून बाहेर काढलेलं असतं, त्यामुळे थर्मोस्टॅट ठार बंद असला तरी धार छान येत राहते. धारेत बोट धरून बघा, पाणी किती गरम आहे ते कळतं, वाफ येत असेल तर मात्र लगेच बंद करा. आणि धार येत नसेल म्हणून घाबरूनही जाऊ नका, आधी त्या भोकात गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घालून बघा, कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असतं कितीतरी वेळा.

प्र. काढूनच टाकला तर चालेल का? ओळखीचे मेकॅनिक म्हणतात काही होत नाही.

गरम झालेलं इंजिन घेऊन किनाऱ्याला यायचंय तर काढा आणि या. कायमचं नको. वर लिहिलंय तसं इंजिन गार चालेल, पेट्रोल जास्त खाईल, कार्बन धरेल. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट पाण्याला आतमध्ये वळण देण्याचंही काम करतो, तो नसला की पाणी सोप्या वाटेनं निघून जातं आणि वरचा सिलिंडर उपाशी राहतो. म्हणजे सरासरी तापमान कमी दिसतं आणि एका कोपऱ्यात मात्र भाजतं.

प्र. माझ्या इंजिनात तो आहे कुठे? दिसतच नाही.

नियम सोपा आहे, गरम पाणी जिथून सिलिंडर हेड सोडतं तिथे तो असणार, म्हणजे बहुतेक वेळा हेडवर किंवा ब्लॉकच्या वरच्या टोकाला. दोन, तीन किंवा चार बोल्टांचं छोटं कव्हर शोधा, बऱ्याचदा त्याला एक जाड रबरी होज लागलेली असते. लहान इंजिनांत ते समोरच दिसतं, आणि अगदी छोट्या जुन्या मॉडेलांत थर्मोस्टॅट मुळात नसतोच, तासभर शोधायच्या आधी पार्ट्सचा आराखडा बघून घ्या.

अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. एक म्हणजे फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या जड चाकाच्या, कडेखाली, जिथे वरून पाना घालता येत नाही. दुसरी, इग्निशन कॉइलच्या ब्रॅकेटमागे. तिसरी, व्ही इंजिनात दोन हेडच्या मधल्या दरीत किंवा हेडच्या खालच्या अंगाला, जिथे खालचा काउल, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं झाकण, आडवा येतो. चौथी, वर्षानुवर्षं कुणीकुणी लावलेल्या वायरी, पाइप आणि प्लास्टिक टायच्या जंजाळामागे, आणि ही कंपनीच्या डिझाइनची चूक नसते.

प्र. बरोबर पार्ट कसा शोधायचा? इंजिन कितवं मॉडेल आहे तेच माहीत नाही.

इंजिन बोटीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवरच्या प्लेटवरचा मॉडेल नंबर आणि सिरिअल नंबर लिहून घ्या, हॉर्सपॉवर सांगून पार्ट मागू नका, एकाच हॉर्सपॉवरमध्ये दर दोन-चार वर्षांनी कव्हर आणि थर्मोस्टॅट बदललेले असतात. जॉन्सन आणि एव्हिनरूडवाल्यांसाठी एक गंमत आहे. १९८० पासूनच्या मॉडेल नंबरात वर्ष अक्षरांत लपवलेलं असतं. आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस ही दहा अक्षरं म्हणजे ओळीनं १ ते ९ आणि शेवटचं एस म्हणजे ०. नंबरच्या अगदी शेवटचं अक्षर सोडायचं आणि त्याआधीची दोन बघायची, सी-डी असेल तर ८६, म्हणजे १९८६ चं इंजिन. प्लेट गायब असेल तर पॉवरहेडच्या बाजूला गोल धातूची टोपी ठोकलेली असते, तिच्यावरही नंबर कोरलेला सापडतो.

या इंजिनांची मूळ कंपनी २००० च्या शेवटी दिवाळखोरीत गेली आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबलं, पण थर्मोस्टॅट आफ्टरमार्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेले, मिळतात आणि चांगले चालतात. किट घ्या, सुटा थर्मोस्टॅट नको. किटमध्ये पॅकिंग, रबरी सील, असेल तर पॉपेटची स्प्रिंग सगळं येतं. जुन्या अमेरिकन इंजिनांच्या थर्मोस्टॅटवर १२० किंवा १४३ असे आकडे दिसले तर ते फॅरेनहाइट आहेत, म्हणजे अंदाजे ४९ आणि ६२ सेल्सिअस. कव्हरचे बोल्टही नवे घेऊन ठेवा, आणि कव्हर स्वस्तात मिळत असेल तर कव्हरसुद्धा.

प्र. हत्यारं काय काय लागतील?

जपानी इंजिनांवर बहुतेक एम-६ बोल्ट, १० चा गोटी पाना. जुन्या अमेरिकन इंजिनांवर पाव इंची बोल्ट, त्याला इंचाचे पाने लागतात. इथे जवळपासचा मिलिमीटरचा पाना लावून चालवून घेऊ नका, सहा कोनी गोटीच वापरा, बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्यावरून घसरते आणि एकदा कोपरे गेले की गेले. लांब एक्स्टेन्शन, वाकडं चालणारं जॉइंट, आखूड रिंग पाना, दाढीचा आरसा, डोक्याला लावायची बॅटरी, हीट गन, हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, प्लास्टिकची पट्टी खरवडायला.

सांदीत पडलेला बोल्ट काढायला चुंबकाची काठी घेऊन बसाल तर स्टेनलेसचा बोल्ट तिला दाद देत नाही. त्यापेक्षा गोटीच्या आत चिमूटभर घट्ट ग्रीस भरा, बोल्टचं डोकं त्यात चिकटून बसतं, काढताना पडत नाही आणि परत लावताना तर हा उपाय नसेल तर कामच होत नाही. खाली एक जुनं फडकं पसरून ठेवा, वायसर त्यावरच पडतात.

प्र. सुरू करायच्या आधी काय काळजी?

बॅटरी काढा. प्लगच्या वायरी काढा आणि किल-स्विचची दोरीही काढा, कारण बोल्टला जागा करायला तुम्ही फ्लायव्हील हातानं फिरवणार आहात आणि जुनं टू-स्ट्रोक तेवढ्यावरही फटकन सुरू होऊ शकतं. हीट लावणार असाल तर पेट्रोलची नळी सोडवून टँक लांब ठेवा, काउल काढून वारा खेळू द्या. इंजिन उभं ठेवा, तिरकं असेल तर ब्लॉकमधलं पाणी तिथेच राहतं आणि कव्हर उघडलं की ते स्टेटरवर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या कॉइलवर, येतं. आणि काही सोडायच्या आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा.

प्र. फ्लायव्हील काढावंच लागेल का?

सहसा नाही, आणि टाळता येत असेल तर टाळाच. त्याला पुलर लागतो, नट खूप टॉर्कनं बसवलेला असतो, आत चावी (फ्लायव्हील शाफ्टवर जागच्या जागी धरणारा धातूचा छोटा तुकडा) असते, आणि परत बसवताना टॉर्क चुकला तर ती चावी कातरते. आधी कॉइलचं ब्रॅकेट, एअर बॉक्स, स्टार्टरचं कव्हर जे जे दोन बोल्टांत निघतं ते काढून बघा. दहा मिनिटं पसारा हलवायला दिली तर नंतरचा तासभराचा वैताग वाचतो, पण लोक नेमकं इथेच हट्ट करतात, की नाही नाही हात जातोय माझा, आणि मग तिरका पाना लावून डोकं गोल करतात.

होज सोडवताना ओढू नका. जुनी रबरी होज प्लास्टिकच्या नळीवर चिकटलेली असते, ओढली की नळीच मोडते. ब्लेडनं होजला उभा छेद द्या आणि सोला, होज तसंही नवी टाकायची.

प्र. बोल्ट हलतच नाहीये. किती जोर लावू?

जोर लावूच नका, मुद्दा तोच आहे. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेसचा, मध्ये खारं पाणी, म्हणजे दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची पांढरी पावडर आट्यांमध्ये भरते आणि फुगून बोल्टला आवळते. बोल्ट गंजलेला नसतोच कित्येकदा, चारी बाजूंनी दाबला गेलेला असतो. एम-६ चा बोल्ट लांब रॅचेटनं तोडायला हातच पुरतो, आणि तुटायच्या आधी तो एक क्षण मऊ लागतो, लोण्यासारखा फिरतो, तेव्हा वाटतं सुटला. तो सुटलेला नसतो, पिळवटत असतो. तसं जाणवलं की तिथेच थांबा.

क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि रात्रभर सोडा, जमलं तर दोन दिवस. काही जण ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळून वापरतात, चांगलं मुरतं, पण ते पेट घेतं, त्यामुळे ते मारलं त्या दिवशी आग जवळ आणायची नाही. मग बोल्टच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे नेमके, मध्यम फटके, सरळ रेषेत, त्या हादऱ्यानं पावडरीला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

मग हीट, पण बोल्टला नाही, बोल्टच्या आजूबाजूच्या अ‍ॅल्युमिनियमला. अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं, साधारण १७ ला २३ असं प्रमाण आहे, त्यामुळे गरम झालं की भोक बोल्टपेक्षा जरा जास्त मोठं होतं. हीट गनला वेळ लागतो पण ती सुरक्षित, टॉर्च वापरणार असाल तर ज्योत सतत फिरती ठेवा आणि वायरींसमोर पत्र्याचा तुकडा धरा. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, सरळ ढासळतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र करून उडाला की पुरे झालं.

आता पाना लावा आणि आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं ढकला. टिक असा बारीक आवाज आला की पकड सुटली. मग पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, तेल मारा, परत सोडा. पावडर बाहेर येताना दिसेल, करड्या पिठासारखी. एकाच दमात काढायचा मोह झाला तर जरा चहा पिऊन या, बोल्ट कुठे पळून जात नाही.

एक बोल्ट अजिबात ऐकत नसेल तर बाकीचे पूर्ण काढू नका, सगळे थोडे थोडे ढिले करा. बाकीचे निघाले की कव्हरचा सगळा ताण त्या एकट्यावर येतो.

प्र. तुटला. आता?

आधी बघा किती बाहेर राहिलाय. कव्हर काढल्यावर बोल्टचा ८-१० मिलिमीटर दांडा बाहेर दिसत असेल तर अजून काही बिघडलेलं नाही, हीट द्या आणि चांगल्या पकडीनं हळूहळू फिरवा. थोडाच बाहेर असेल तर वेल्डरकडून त्यावर नट वेल्ड करून घ्या, वेल्डिंगची उष्णता आणि नटची पकड दोन्ही एकदमच मिळतं, स्टेनलेस वेल्ड होतं आणि अ‍ॅल्युमिनियमला ते चिकटत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि इग्निशनचे बॉक्स सोडवायला विसरू नका.

सपाट तुटला असेल तर ड्रिल. बरोबर मध्यभागी पंच मारणं हेच सगळं काम आहे, बाकी ड्रिल तर कुणीही मारतो. तुटलेलं टोक तिरकं असेल तर आधी फाइलनं किंवा छोट्या ग्राइंडरनं सपाट करा, नाहीतर ड्रिल मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे घसरणार म्हणजे घसरणारच. अडीच-तीन मिलिमीटरनं सुरू करा, उलट्या आट्यांचं ड्रिल मिळालं तर तेच वापरा, कारण ते सुटायच्या दिशेनं फिरतं आणि अनेकदा मोठं भोक पडायच्या आधीच तुकडा स्वतःहून बाहेर येतो. कव्हर परत जागेवर ठेवून त्याच्या भोकात बसेल अशी छोटी नळी घातली तर ड्रिलला मध्य आयताच मिळतो.

इझी-आउट नावाचं जे उलट्या आट्यांचं हत्यार मिळतं त्यापासून एम-६ च्या कामात लांब राहा हे माझं प्रामाणिक मत. बोल्ट जोरानं सुटणारा असता तर तुटलाच नसता, त्यात हे बारीक आणि ठिसूळ हत्यार आत मोडलं की ते इतकं कडक असतं की साध्या ड्रिलनं त्याच्यावर ओरखडाही उठत नाही. मग मशीन शॉपशिवाय गत्यंतर नाही.

आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची तारेच्या स्प्रिंगसारखी नव्या आट्यांची गुंडाळी, घाला. एम-६ च्या हेलिकॉइलला साधारण ६.२ ते ६.३ चं ड्रिल आणि किटमधलाच टॅप (आटे पाडायचं हत्यार) लागतो. नीट बसवली तर स्टीलचे ते आटे मूळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतात, त्यामुळे कमीपणा वाटायचं कारण नाही. भोक किती खोल आहे ते आधी तारेनं मोजा आणि ड्रिलवर टेप गुंडाळून खूण करा, पलीकडे पाण्याची वाट आहे.

प्र. बोल्ट निघाले पण कव्हर चिकटलंय.

स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, बसायची जागा ओरबाडली की तिथून कायम गळणार. लाकडाचा ठोकळा ठेवून बाजूनं टपल्या मारा, थोडी हीट द्या. कव्हर तुटलं तर दुःख नाही, ब्लॉकवर ओरखडा नको.

प्र. आत पांढरा थर आणि वाळू भरलीय. काय करू?

चमच्यानं, चिमट्यानं काढा, आत ढकलू नका. जुना थर्मोस्टॅट कुजून तुकडे झाला असेल तर सगळे तुकडे बाहेर जुळवून बघा, एखादी पाकळी हेडमध्ये राहिली तर पुढच्या सीझनला तीच पाणी अडवेल. थरासाठी व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचं पातळ पाणी कापसानं लावा, फसफसणं थांबलं की गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, रात्रभर ठेवू नका, अ‍ॅसिड क्षार संपले की अ‍ॅल्युमिनियम खायला घेतं. काही इंजिनांत या कव्हरजवळच छोटा झिंक अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) असतो, अर्धा झिजला असेल तर बदला आणि नव्याला रंग लावू नका, रंगवलेला अ‍ॅनोड काही कामाचा नाही.

प्र. जुना थर्मोस्टॅट खरंच खराब होता का ते तपासता येतं?

येतं, आणि नवाही बसवायच्या आधी असाच तपासा. व्हॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यानं थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा गरम असतो. थर्मामीटर शेजारी धरून मंद आचेवर तापवा. व्हॉल्व्ह उघडला की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन खाली पडतो, त्या क्षणीचा आकडा वाचा. त्यावर छापलेल्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतं. मग गार पाण्यात टाकून पूर्ण बंद होतो का तेही बघा, अर्धवट बंद होणारे बरेच निघतात.

प्र. कुठली बाजू आत?

स्प्रिंग आणि मेणाची डबी गरम पाण्याच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूला. उलटा बसवला तर डबीला उष्णता उशिरा पोचते आणि इंजिन तापतं. कडेला छोटं भोक किंवा हलणारी पिन असेल तर ती वरच्या अंगाला, तिथून अडकलेली हवा निघते. काढतानाचा फोटो बघा, पण आधीच्या माणसानं उलटा बसवला नव्हता ना हेही मनात असू द्या.

प्र. पॅकिंगला सिलिकॉन लावू का?

नको. दाबल्यावर आतल्या बाजूला निघालेला त्याचा दोरा सुटून पाण्याबरोबर जातो आणि कुठल्यातरी अरुंद जागी अडकतो. जुन्या कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी न सुकणाऱ्या गॅस्केट कंपाउंडचा अगदी पातळ हात, आणि रबरी ओ-रिंग किंवा रबर लावलेलं पॅकिंग असेल तर थोडं ग्रीस, बास. ब्लॉकची बाजू आधी नखाला काही लागणार नाही इतकी साफ हवी.

प्र. बोल्ट किती आवळायचे?

एम-६ साठी साधारण ८ न्यूटन-मीटर, पाव इंचीसाठीही जवळपास तेवढंच. म्हणजे फार नाही, आखूड पाना दोन बोटांनी. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत या, नाहीतर कव्हर वाकतं. आट्यांना मरीन ग्रीस नक्की लावा, पण तांब्याचं अँटी-सीझ नको, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचं खाऱ्या पाण्यात स्टेनलेसपेक्षाही वाईट जमतं.

प्र. नवा नीट चालतोय हे कसं बघू?

पाण्याशिवाय एक सेकंदही सुरू करू नका, कोरडा इम्पेलर लगेच जळायला लागतो. शक्यतो बोट पाण्यात उतरवून किंवा मोठ्या ड्रममध्ये चालवा. मफ (खालच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी बसवायच्या, पाण्याची नळी जोडलेल्या रबरी वाट्या) लावून नळाच्या पाण्यावर चालतं, पण नळाचं प्रेशर पंपाला मदत करतं, त्यामुळे कमजोर पंपसुद्धा तिथे पास होतो.

दहा-पंधरा मिनिटं आयडलला चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरनं थर्मोस्टॅटच्या कव्हरजवळ मोजा. आकडा थर्मोस्टॅटच्या तापमानाच्या आसपास येऊन थोडा वरखाली होत राहिला तर उत्तम, तो वरखाली म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करतोय. चकचकीत धातूवर हे यंत्र कमी तापमान दाखवतं, म्हणून रंगवलेल्या भागावर धरा किंवा काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर. जुने मेकॅनिक टेम्परेचर क्रेयॉन वापरायचे, जॉन्सन-एव्हिनरूडच्या कामात १२५ आणि १६३ फॅरेनहाइटच्या दोन कांड्या, पहिलीची रेघ वितळली पाहिजे आणि दुसरीची नाही. आज मिळाल्या तर अजूनही तितक्याच भरवशाच्या.

कव्हरभोवती कोरडा टिश्यू फिरवून गळती बघा. थेंबभर गळतीसुद्धा काउलच्या आत खारं पाणी उडवते आणि मग इग्निशनचे कनेक्टर हिरवे पडतात.

प्र. नवा टाकला तरी गरम होतंय.

मग क्रमानं जा. खालची पाण्याची जाळी, इम्पेलर, पंपाचं हाउसिंग ओरखडलंय का, पाण्याच्या नळीचं वरचं रबर. जुन्या इम्पेलरची पाती तुटलेली मिळाली तर ते तुकडे वर कुठे गेले ते शोधा, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी सापडतात पुष्कळदा. पॉपेट व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर आयडलचं पाणी तिथूनच निसटतं, त्याची सीट प्लास्टिकची असते आणि एकदा इंजिन तापलं की वितळून वाकडी होते. जुन्या इंजिनांत सिलिंडरांभोवती पाणी वळवायला रबरी पट्ट्या असतात, त्या आक्रसल्या की पाणी आडवाटेनं जातं, त्यासाठी हेड उघडावं लागतं.

प्र. किती वर्षांनी बदलायचा?

खाऱ्या पाण्यात चालत असेल तर दरवर्षी कव्हर उघडून बघा, पार्ट चांगला असला तरी, कारण वर्षातून एकदा ग्रीस लावून बसलेला बोल्ट सहसा जाम होत नाही. गोड्या पाण्यात दोन-तीन वर्षांनी चालेल. आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं फ्लश करताना थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवा, दोन मिनिटांच्या फ्लशमध्ये तो बंदच असतो आणि त्याच्या पलीकडे मीठ तसंच राहतं.

प्र. एकदा खूप गरम होऊन इंजिन बंद पडलं होतं. थर्मोस्टॅट बदलून सरळ पाण्यात नेऊ का?

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, मोजा, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघायचा, तो १० टक्क्यांच्या आत असेल तर वाचलात, नवा थर्मोस्टॅट टाका आणि जवळपासच्या पाण्यात तास-दोन तास चालवून परत मोजा. एखादा सिलिंडर फारच खाली असेल किंवा हेडवरचा रंग फोड आल्यासारखा फुगलेला, करपलेला असेल तर हेड उघडून गॅस्केट आणि पिस्टन बघितल्याशिवाय सुरू करू नका.